किनारा जवळ येताना

ओमानचं सलालाह सोडल्यापासून नुसतं पाणी. ना बेट, ना मोबाइलची रेंज. बोट १८-१९ नॉटने चाललीय, म्हणजे ताशी जेमतेम ३४ किलोमीटर. आपली एसटीही याहून जोरात पळते. पण ही कुठे थांबत नाही, म्हणून दिवसाकाठी ८०० किलोमीटर मागे पडतात. ओमान आणि भारतातला दीड तासाचा फरक हप्त्याहप्त्याने भरायचा: रात्री घड्याळ पुढे, सकाळी डोळ्यांवर झोप.

दुपारी कठड्याशी उभी राहून उडते मासे पाहिले. बोटीला बिचकून बाहेर येतात, शेपटीचं खालचं टोक पाण्यावर फडफडवत वेग घेतात आणि पर ताणून तरंगत जातात. मग गुडूप.

जेवताना वाढणारा पोरगा मडगावचा. सोलकढीचा विषय निघाला आणि कोकणी-मराठीची सरमिसळ करत आम्ही बराच वेळ बोललो. मुंबईत बोट लागेल, पण त्याला घरी जाता येणार नाही. करार संपायला अजून अवकाश आहे. ‘संपली हो ट्रिप’ म्हणून हळहळायचं मी त्याच्यासमोर तरी टाळलं. सुट्टी संपते तेव्हा आपण घरी जातो. त्याची सुट्टी घरी गेल्यावर सुरू होते.