साथ आणि नोंदवही

महामारीने एखाद्या गावाचे नेमके काय हिरावून नेले, असा प्रश्न केला असता प्रत्येक जण आपापल्या स्थानावरून उत्तर देतो. इस्पितळातला वैद्य भरलेल्या खाटांची संख्या सांगतो, तहसिलीतला अव्वल कारकून बाधितांचा तक्ता पुढे करतो, आणि आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुरातला केळीचा बागायतदार २०२० च्या टाळेबंदीत उभ्या बागेतच पिकून गेलेल्या घडांचा हिशेब मांडतो. ही सर्व उत्तरे खरी आहेत. परंतु ज्या साथरोगशास्त्राच्या अध्ययनात माझी हयात गेली, त्याला या सर्वांहून अधिक भरवसा एका जुन्या व साध्या दप्तराचा वाटतो, आणि ते दप्तर म्हणजे मृत्यूची नोंदवही होय.

याचे कारण असे की, बाधितांची संख्या ही तपासण्यांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि रोगाने झालेल्या मृत्यूंची संख्या ही तो रोग ओळखला गेला की नाही यावर. पण अमुक महिन्यात अमुक गावी एकंदर किती माणसे मरण पावली, हा आकडा निदानाच्या अधीन नसतो. निरोगी वर्षांतल्या त्याच महिन्यांची सरासरी काढावी, साथीच्या वर्षातल्या आकड्यातून ती वजा करावी, आणि जे शिल्लक उरेल त्यात साथीची खरी छाया पाहावी, ही आमची रीत. या रीतीचा अर्धा आधार साथ येण्यापूर्वीच तयार झालेला असावा लागतो. ज्या ग्रामसेवकाने २०१६ किंवा २०१७ साली, कोणतीही घाई नसताना, वार्धक्याने गेलेल्या एखाद्या आजीचा मृत्यू एकवीस दिवसांच्या मुदतीत नोंदविला, त्यानेच २०२१ च्या संहाराचे माप आमच्या हाती दिले, असे मी कृतज्ञतेने म्हणतो.

मार्च २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने सर्वाधिक रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची यादी जाहीर केली, तीत पुणे, मुंबई, नागपूर यांच्या पंक्तीला नांदेड होते. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी कोणाला ‘कसे आहात’ असे विचारीत नसे. ‘स्कोर किती आला?’ असेच विचारले जाई, कारण छातीच्या स्कॅनवरचा पंचवीसपैकी आकडा हाच नशिबाचा कौल समजला जात होता. कित्येक घरांत तापाला टायफॉईड म्हटले गेले, कित्येक ठिकाणी न्यूमोनिया. घशातील स्रावाची तपासणी झालीच नाही, किंवा अहवाल हाती येण्यापूर्वी मनुष्य निघून गेला. अशा घरी पुढे ओसरीवर बसून, ताप कोणत्या दिवशी आला, धाप केव्हा लागली, अन्नाची वासना कधी गेली, हे क्रमाने विचारून मृत्यूचे कारण निश्चित करण्याची एक मान्य पद्धती आमच्या शास्त्रात आहे. तथापि ती प्रश्नावली कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी उत्तर देणारी विधवा असते, हे विचारणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

अर्धापूरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, व तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जेथे मृत्यू घडला तेथे होते. मृताचे राहते गाव कोणते, हे त्या नोंदीतला केवळ एक रकाना सांगतो. अत्यवस्थ रुग्णाला आमच्याकडची माणसे नांदेडला नेतात, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा शहरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात. सबब दाभड, मालेगाव किंवा येळेगाव येथील मनुष्याचा मृत्यू त्याच्या गावच्या दप्तरात न येता शहराच्या किंवा इस्पितळाच्या दप्तरी जमा होतो. पुण्याला वा हैदराबादेस पोटासाठी गेलेला तर त्याहून दूर. याचा परिणाम असा की, लहान गावाची नोंदवही साथीच्या ऐन भरात वास्तवापेक्षा हलकी दिसते, शहराची जड दिसते, आणि वरवर वाचणारा अंमलदार ‘ग्रामीण भागात फारशी हानी नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. रुग्णसंख्येचेही तसेच. एप्रिल २०२० च्या अखेरीस हुजूर साहिबच्या दर्शनाला येऊन नांदेडात अडकून पडलेले हजारो शीख यात्रेकरू पंजाबात परतले, आणि त्यांच्यातील बाधितांची गणना तिकडच्या जिल्ह्यांच्या तक्त्यांत झाली.

नोंदवही नसली म्हणजे काय होते, याचा दाखला याच मुलखाच्या इतिहासात आहे. १९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरला, आणि ऑक्टोबरात त्याच्या दुसऱ्या लाटेने इलाख्याचा कोपरान् कोपरा गाठला. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यू झाले, हे आज आपण निश्चयाने सांगू शकतो, कारण तेथे नगरपालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांचे खाते दररोजचा आकडा लिहून ठेवीत होते. तेव्हा निजामाच्या अमलात असलेल्या आमच्या भागात महसुली कालगणनेतल्या फसली १३२८ सालाचा प्रारंभ त्याच सुमारास झाला. पाऊस दगा देऊन गेलेला, ज्वारी महागलेली, आणि गावोगाव माणसे मरत असताना पाटील-पटवाऱ्यांच्या मृत्युनोंदी इतक्या अपुऱ्या, की त्यांवर कोणतेही गणित उभे राहू नये. ती हानी समजली ती १९२१ च्या शिरगणतीत, व तीही केवळ उणिवेच्या रूपाने: १९११ साली हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांच्या वर होती, ती दहा वर्षांनी १ कोटी २४ लाखांवर आली. या घटीत प्लेग आणि दुष्काळ यांचा वाटा किती व इन्फ्लुएंझाचा किती, हे आता कोणालाही वेगळे करता येणार नाही. त्या तापाने विशेषतः वीस ते चाळीस वयाची, घर चालविणारी माणसे नेली आणि हिंदुस्थानात पुरुषांहून स्त्रिया अधिक नेल्या, हे नोंदी असलेल्या प्रांतांवरून दिसते. आमच्या पणज्यांचे काय झाले, हे त्यावरून फक्त ताडायचे.

आपल्या पिढीला निदान तेवढे अंधारात राहावे लागत नाही. मे-जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने रक्तातील प्रतिपिंडांची जी पहिली देशव्यापी पाहणी केली, तिच्या सत्तर जिल्ह्यांत बीड व परभणीबरोबर नांदेडही होते. तेव्हा देशात शेकडा एकाहूनही कमी प्रौढांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, आणि पुढच्या वर्षी जून-जुलैत प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण शेकडा सदुसष्टांवर गेले. मृत्यूंचे म्हणाल, तर २०१९ साली देशात ७६.४ लाख, २०२० साली ८१.२ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. उलटपक्षी २०२१ या वर्षात कोरोनाने म्हणून जाहीर झालेले मृत्यू साडेतीन लाखांच्या आत होते. वाढीचा काही अंश नोंदणी सुधारल्याचा आहे, हे मान्य करूनही उरणारे अंतर फार मोठे आहे.

हे अंतर विद्वानांच्या वादापुरते नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वारसांना जे पन्नास हजार रुपये सानुग्रह साहाय्य मिळाले, ते मृत्यूचे कारण कागदोपत्री सिद्ध करण्यावर अवलंबून होते. सातबाऱ्यावरची वारसनोंद आणि विधवेचे निवृत्तिवेतन यांनाही मृत्यूचा दाखला लागतो. २०२० साली देशातल्या नोंदविलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम शेकडा साडेबावीस मृत्यूंचे कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित झाले होते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत नातेवाइकास देणे बंधनकारक केले, ही गोष्ट स्वागतार्ह खरी. पण जो वैद्याचे तोंड न पाहता घरीच गेला, त्याचे काय? त्याच्यासाठी आशा ताईंना ओसरीवरची ती प्रश्नावली शिकवावी, त्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, आणि नांदेडच्या दप्तरांत पडलेल्या प्रत्येक नोंदीचा उतारा दरमहा मृताच्या राहत्या तालुक्यास धाडावा, अशी माझी मागणी आहे; साथ नसलेल्या या वर्षांतच ती अमलात यावी, कारण पुढील वजाबाकीसाठी लागणारी सरासरी याच वर्षांची असणार आहे.