राजधानीचें दर्शन

आमच्या नारायणगडास लोक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. परंतु या पंचक्रोशीची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबाद होती. वडीलधाऱ्यांस ती कचेरीच्या खेट्यांपुरतीच ठाऊक. हल्लींचे प्रवासी १५९१ चा चारमिनार, सालारजंग संग्रहालयांतील अवगुंठित रिबेका पाहतात. गोवळकोंड्याच्या दारीं वाजविलेली टाळी माथ्यावर ऐकतात. तें सर्व प्रेक्षणीय खरेंच. तथापि मुसेच्या कांठीं उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांतील चिंचेचें झाडहि वाचकांनीं पाहावें, अशी आमची विनंति आहे. १९०८ च्या महापुरांत त्याच्या फांद्यांचा आश्रय घेऊन सुमारें १५० जीव वांचले. मिनार राजाचें वैभव सांगतो; हा वृक्ष आश्रितांची जात पुसत नाहीं. म्हणून नातवंडांस आम्ही प्रथम तेथेंच नेलें, चारमिनार मागाहून दाखविला.