शिल्लक बारा रविवार

सहल हा शब्द 'सह' आणि 'हाल' यांचा संधी होऊन तयार झाला असावा, असं माझं फार दिवसांचं मत आहे. सहल म्हणजे सहकुटुंब केलेले हाल. मधला काना कुठे गळाला ते व्याकरणवाले जाणोत. बहुधा दादरच्या पुलावर गर्दीत पडला असेल. त्या पुलावर आमच्या कुटुंबाचा एक डावा बूट, एक वॉटरबॅग आणि फिरकीच्या तांब्याची फिरकी एवढ्या वस्तू निरनिराळ्या वर्षी पडल्या आहेत. त्यात एका कान्याचं काय घेऊन बसलात!

आता सहलीत दादरचा पूल कुठून आला, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी थोडा भूगोल सांगावा लागेल. आम्ही मुलुंडचे. आमच्या गॅलरीतून पश्चिमेला डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडे बोरिवली. मधे सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल, ज्याला पूर्वी सगळे बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणत आणि ज्याचं आजचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुलुंडचा कावळा मनात आणील तर न्याहारी आमच्या गॅलरीत आणि जेवण बोरिवलीला करू शकेल. कारण कावळ्याला मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे हा भेद ठाऊक नसतो. माणसाने मात्र आधी दक्षिणेला दादरपर्यंत जायचं, पूल ओलांडायचा आणि तेवढंच पुन्हा उत्तरेला यायचं. समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाकडे गच्चीवरून जावं, तसं हे.

तर अशा या उद्यानात आम्ही 1980 नंतरच्या दशकात सहली काढल्या. मी, सौभाग्यवती, सात वर्षांचे चिरंजीव आणि चार वर्षांची कन्या. मी पेशाने हिशेबनीस असल्यामुळे प्रत्येक सहलीचा जमाखर्च वहीत आहे. पहिल्या सहलीचा एकूण खर्च 27 रुपये 40 पैसे. त्यातली एक नोंद पुढे मलाच वाचताना गंमत वाटायची: 'कन्येचा स्वाभिमान, अर्धं तिकीट एक.'

त्याचं असं झालं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. खिडकीतून मी दोन पूर्ण आणि एक अर्धं अशी पुठ्ठ्याची छोटी तिकिटं घेतली. चिरंजीवांनी आपलं मुठीत धरलं. कन्येने हात पुढे केला.

"तुला तिकीट लागत नाही गं. तू फुकट."

"मला फुकट नको!"

हे वाक्य तिने अशा आवाजात उच्चारलं की मागची रांग थबकली. खिडकीतले गृहस्थही समजावू लागले, "बाळ, तू लहान आहेस ना, म्हणून." या 'लहान' शब्दाने उरलंसुरलं बिघडलं. ती फलाटावर बसली. फुकट प्रवास नाकारून धरणं धरणारा उतारू रेल्वेने आजवर पाहिला नसेल. शेवटी मागचे एक म्हातारबाबा म्हणाले, "घ्या हो तिकीट. स्वाभिमान इतका स्वस्त पुन्हा मिळणार नाही." घेतलं. ते तिकीट तिने परतेपर्यंत मुठीतून सोडलं नाही आणि बोरिवलीला तिकीट मागणाऱ्या मास्तरांना द्यायलाही सपशेल नकार दिला.

आता उद्यानात बघण्यासारखं काय काय आहे! हरणं आहेत, सिंह आहेत, गांधी टेकडी आहे, तुळशी तलावातून निघालेली दहिसर नदी आहे. 'वनराणी' नावाची झुकझुकगाडी होती, बोगद्यातून जाणारी. (2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने तिचा मार्ग मोडून ती थांबली, तेव्हा घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं आम्हाला वाटलं होतं.) बिबटेही आहेत; पण सहकुटुंब आलेल्या मंडळींना दर्शन न देण्याइतका शहाणपणा त्यांच्यात आहे. आणि दरवाजापासून सुमारे 6 किलोमीटर आत गेलं की कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं कातळात खोदत आणलेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात यज्ञ सातकर्णीच्या काळचा शिलालेख आहे आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना माणसाच्या चौपट उंचीचे बुद्ध उभे आहेत.

हा इतिहास मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो आणि मुलांना सांगायचा माझा निश्चय होता. लेण्यांना दानं देणाऱ्यांत कल्याण आणि सोपाऱ्याचे व्यापारी होते, असं शिलालेखांवरून कळतं, हे सांगितल्यावर चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, कल्याणहून ते लोक कसे आले?"

"डोंगर ओलांडून, चालत."

"म्हणजे दादरला उतरावं नाही लागलं?"

या प्रश्नात इतिहासाचा कुठलाही प्राध्यापक अडकला असता. दोन हजार वर्षांत दळणवळणाची प्रगती झाली, हे मूल कसं मान्य करणार? आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी याच डोंगराखालून बोगद्यांचं काम हाती घेतलं आहे. म्हणजे कल्याणच्या व्यापाऱ्यांना जमलं होतं ते आम्हाला जमण्याची आशा आहे.

सौभाग्यवतींची नजर मात्र इतिहासावर नव्हती, ती घरं बघत होती. लेण्यालेण्यात निजायला दगडी ओटा, पुढे ओसरी आणि दाराशी पावसाचं पाणी साठवणारं कातळातलं टाकं. एका लेण्यापाशी ती जरा जास्तच रेंगाळली.

"अहो, यांना दाराशी पाणी होतं!"

मी तेवढ्यात पाण्याचा विषय पकडला. मुंबईला पाणी हवं म्हणून 1860 साली विहार तलाव झाला, 1879 साली तुळशी. तलावांत घाण जाऊ नये म्हणून भोवतालचं रान राखलं, आणि म्हणून एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात जंगल शिल्लक राहिलं. आजही हे दोन्ही तलाव मुंबईला पाणी देतात. माझं हे निरूपण ऐकून कन्या म्हणाली, "मग आपल्या नळाला साडेपाचलाच का येतं?"

मी म्हटलं, "चला, जेवून घेऊ."

जेवणाबद्दल वहीत नोंद नाही. पीठ घरचं, बटाटे घरचे, तेल घरचं. त्यामुळे 'पुऱ्याभाजी' या सदरापुढे मी शून्य लिहिलं होतं. सौभाग्यवतींनी ते रात्री वाचलं. त्या पहाटे साडेतीनला उठल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमच्या वहीत पुऱ्या आपोआप तळल्या जातात वाटतं!" पुढच्या सहलीपासून पुऱ्या बंद झाल्या. स्टेशनाबाहेरचे वडापाव आणि फाटकाशी आदिवासी बायका विकतात त्या काकड्या, पेरू, आवळे, तिखटमीठ लावून. खर्च वाढला, पण सौभाग्यवती प्रथमच हरणांकडे बघताना दिसल्या. तोपर्यंतच्या सहलीत त्या डबे मोजत होत्या. मुलांनी तर जाहीर केलं की ही सहल खरी. घरचं जेवण घरीच खावं.

पहिल्या सहलीनंतर शाळेत चिरंजीवांना 'आमची सहल' या विषयावर निबंध आला. माझा इतिहास कितपत मुरला ते पाहावं म्हणून मी वही उघडली. निबंध असा होता: आठ ओळी आगगाडीवर. पाच ओळी दादरच्या पुलावर, त्यात एक माणूस डोक्यावर खुर्ची घेऊन चालला होता त्याचं वर्णन. सहा ओळी माकडावर. त्याने आईच्या हातातली पुरी नेली आणि लोणचं लागल्यावर तोंड कसं केलं. तीन ओळी ताईला (म्हणजे धाकटीलाच, घरात तिला ताईच म्हणतात) तिकीट मिळाल्याबद्दल. आणि शेवटी, 'तिथे लेणीपण होती.' सिंहाचा उल्लेखच नाही. सिंह झोपला होता; झोपलेले बाबा दर रविवारी फुकट बघायला मिळतात.

मी तेव्हापासून या प्रश्नावर विचार करतो आहे. आपण मोठी माणसं कुठे जायचं ते ठरवतो आणि त्याचे पैसे मोजतो. मुलं जायचं कसं तेवढंच जमा करतात. त्यांच्या दृष्टीने सहल जिना उतरताना सुरू होते आणि ठिकाण आलं की तिचा बराचसा भाग संपलेला असतो. आमच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब त्याच वर्षी महाबळेश्वरला जाऊन आलं. आमच्या चिरंजीवांनी त्यांच्या मुलाला दादरच्या पुलाची हकिगत अशी काही ऐकवली की त्याने रात्री घरी भोकाड पसरलं, "आपण दादरला कधीच जात नाही!"

याच वरच्या मजल्याने पुढे उटीला जायचं ठरवलं. पैसे साठवायला सुरुवात झाली. गृहस्थ मोठे शिस्तीचे. दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढत. चार वर्षांनी पैसे जमले, तेव्हा मुलाची दहावी आली. मग बारावी. उटीला शेवटी दोघंच जाऊन आली. हवा छान होती म्हणाली.

त्या दिवशी मी माझी वही काढून एक वेगळाच हिशेब मांडला. मूल चार वर्षांचं होईपर्यंत कडेवरून उतरत नाही आणि दहाचं झालं की बोट धरत नाही. मधे राहतात सहा वर्षं. वर्षाचे रविवार 52, म्हणजे सहा वर्षांचे 312. त्यातून पावसाळ्याचे दरसाल 17 वजा. राहिले 210. लग्नं, मुंजी, बारशी, पाहुणे, ताप, खोकला, परीक्षा, केस कापणं, दळण आणि कुठल्याही कारणाविना येणारा आळस मिळून दरसाल 25 वजा. राहिले 60. एप्रिल-मेच्या उन्हाचे आणि गावी जाण्याचे दरसाल 8. बाकी?

बाकी बारा.

मी बेरजा-वजाबाक्या पुन्हा तपासल्या. आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, चूक सापडली की मला आनंद होई. इथे चूक सापडावी अशी फार इच्छा होती. सापडली नाही. बाराच. वर्षाला दोन.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरात तंगी पैशांची असते असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नव्हे. पैसा महिन्याच्या एक तारखेला पुन्हा येतो. रविवारांचा पगार एकदाच होतो. स्वस्त सहलीचा मोठा गुण तो हाच की तिच्यासाठी थांबावं लागत नाही. शनिवारी रात्री ठरवावं आणि रविवारी सकाळी निघावं. बोरिवलीचं उद्यान असो, आरे कॉलनीतला छोटा काश्मीर असो, जुहूची वाळू असो, की मार्वेहून मनोरीला नेणारी तर असो. (या तरीची मजा काही मिनिटांची, पण चिरंजीव पलीकडे गेल्यावर 'आपण परदेशात आलो का?' असं विचारत असत.) श्रीमंत सहल पैसे जमेपर्यंत वाट पाहते. मूल पाहत नाही.

आमच्या बारांपैकी अकरा झाल्या. बाराव्याला मी बूट घालून तयार होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी मित्रांबरोबर क्रिकेटला जातोय. तुम्ही जा ना." कन्येनेही दादाकडे पाहून शेपूट सोडलं. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं, चहा टाकला आणि म्हणाल्या, "चला, आज आपणच गॅलरीतून डोंगर बघू."

आता चिरंजीवांना स्वतःचे चिरंजीव आहेत. त्यांच्या घरी सहलीला 'प्लॅन' म्हणतात. प्लॅनला महिनाभर चर्चा लागते, आणि ठिकाणाला पोहण्याचा तलाव असावा लागतो. मी त्यात पडत नाही. मात्र त्या उद्यानात कारवी नावाचं झुडूप आहे, ते आठ वर्षांतून एकदाच फुलतं. 2016 साली फुललं होतं, 2024 साली फुललं. पावसाळ्याचे रविवार मी हिशेबातून वजा केले होते, पण कारवी माझी वही वाचत नाही. ती पावसातच फुलते. पाच वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन मी ती जांभळी फुलं दाखवायला गेलो. त्याने फुलांकडे एकदा बघितलं आणि पुलावरचा सरकता जिना पुन्हा कधी येणार ते विचारलं. दादरच्या पुलाने अजून आपली कामगिरी सोडलेली नाही.

कारवी आता 2032 साली फुलेल. नातू तेरा वर्षांचा असेल, मिसरूड फुटू लागलेली असेल आणि त्याचेही मित्र असतील. म्हणून मी त्याच्या बापासाठी एक नवी वही घातली आहे आणि पहिल्या पानावर 'शिल्लक' असं लिहून ठेवलं आहे. परवा ती त्याला दाखवली. त्याने आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

"बाबा, या रविवारी मेगाब्लॉक आहे का हो?"

आहे. पण फलाटावर बसून पुऱ्या खाता येतात, असा माझा अनुभव आहे. फक्त त्या तळायच्या कुणी, एवढं आधी ठरवा.