लवकरच येत आहे

दिवाळी अंक हाती पडला की पुष्कळ लोक आधी अनुक्रमणिका पाहतात, काही जण राशिभविष्य उघडतात आणि मुले व्यंगचित्रे शोधतात. मी प्रकाशकांच्या जाहिराती वाचतो. त्यांतही ‘उपलब्ध’ या सदराकडे मी फारसे पाहत नाही. माझे डोळे खालच्या बारीक टाइपातल्या ‘आगामी’कडे धावतात. छापून झालेल्या पुस्तकाची पाने ठरलेली, किंमत ठरलेली, आणि लेखकाचे मित्र कोण हे ठाऊक असेल तर परीक्षणेही ठरलेली. आगामी पुस्तकाला यातले काही चिकटलेले नसते. ते नुसते एक नाव असते, आणि त्या नावावर आपण हवे तेवढे इमले चढवावेत. त्याला जकात पडत नाही.

या नादाचा दुसरा अड्डा मला उतारवयात सापडला. तो म्हणजे चिमुकल्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या याद्यांचा. ‘कंपनी’ म्हणायचे ते आपले बोलण्याच्या सोयीसाठी. एखाददोन माणसे, एक खोली, चिकटपट्टी, पोस्टाची तिकिटे आणि जिन्याखाली रचलेली खोकी, एवढाच कारभार. गाणी म्हणाल तर साधी पॉप गाणी: एक-दोन गिटारी, ड्रम आणि तीन मिनिटांत आटोपणारे कुणाचे तरी प्रेम. आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्या सगळ्यांना सर्दी झालेली असते.

माझा भाचा इंग्लंडात ब्रिस्टल शहरी नोकरीला आहे. ब्रिस्टल आपल्याला ठाऊक ते राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. १८३३ साली ते तेथे वारले आणि आर्नोस व्हेल येथील दफनभूमीत त्यांची छत्री उभी आहे. मी ती पाहायला गेलो, आणि परतताना भाच्याने जुन्या तबकड्यांच्या दुकानात नेल्यामुळे पिशवीत एक सात इंची तबकडी घेऊन आलो. तिच्यावर ‘सारा रेकॉर्ड्स’ असे छापले होते.

सारा रेकॉर्ड्स म्हणजे क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स ही दोन माणसे. दोघांनाही हौशी पत्रके काढायचे वेड. १९८७ साली ब्रिस्टलमध्ये त्यांनी ‘सी अर्चिन्स’ या मंडळींची तबकडी काढली आणि तिला ‘सारा १’ असा क्रमांक दिला. मग फील्ड माइस, ग्लासगोचे ऑर्किड्स, हेवनली, ब्लूबॉय अशी मंडळी येत गेली. सिडनी आणि मेलबर्नहूनही आली. क्रमांक मात्र नुसत्या तबकड्यांनाच मिळत असे म्हणाल तर तसे नाही. मध्येच एखादा क्रमांक छोट्या पत्रकाला जाई, आणि पन्नासावा क्रमांक तर एका सोंगट्यांच्या पटाला गेला! हिशेबनिसाने कपाळावर हात मारावा असा प्रकार. गीतसंग्रहांना नावे दिली तीही आसपासच्या जागांची: टेंपल क्लाउड हे एक गाव, एअर बलून रोड हा एक रस्ता. आपल्याकडे कुणी ‘भिकारदास मारुती’ आणि ‘कात्रज’ अशा नावांनी भावगीतांचे संग्रह काढले असते तर काय बहार आली असती!

पण या हौशीला एक कठोर बाजू होती. त्या काळी मोठ्या कंपन्या एकच गाणे सात इंची तबकडीवर काढीत, तेच बारा इंचीवर काढीत, पुढे तेच सीडीवर काढीत, आणि प्रत्येक वेळी एखादे निराळे गाणे मागे जोडीत. म्हणजे भक्ताने एका देवाला तीन नारळ फोडावेत. सारावाल्यांना याची चीड होती. त्यांची मुख्य भिस्त स्वस्त सात इंची तबकडीवर. तिच्यावरची गाणी पुन्हा मोठ्या तबकडीत भरून दुसऱ्यांदा विकायची नाहीत, असा त्यांचा साधारण शिरस्ता. संगीत-साप्ताहिकांनी या सगळ्याला बायकी, बाळबोध म्हणून पुष्कळ हिणवले. मला मात्र यात बाळबोध काही दिसत नाही. गिऱ्हाईकाच्या खिशात किती पैसे आहेत याचा विचार करून माल काढणे हे बाळबोध असेल, तर मोठी माणसे काय करतात ते वेगळे सांगायला नको.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये शंभरावा क्रमांक निघाला. त्या संग्रहाचे नाव ‘देअर अँड बॅक अगेन लेन’, म्हणजे जाऊन परत येण्याची गल्ली. ब्रिस्टलात या नावाची गल्ली खरोखरच आहे आणि ती पुढे बंद आहे. त्याच सुमारास वृत्तपत्रांत अर्धे पान जाहिरात देऊन दोघांनी सांगितले: शंभर झाले, आम्ही थांबलो. कंपनी बुडाली नव्हती, भांडण झाले नव्हते. एका बोटीवर निरोपाचा जलसा झाला आणि दुकान बंद.

हे वाचले तेव्हा मला एकदम आमचे वडील आठवले. १९७१ च्या सुमारास ते एका मासिकाचे वर्गणीदार होते. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. सातव्या हप्त्याला नायिकेचा भाऊ घर सोडून गेला, खाली ‘क्रमशः’ छापले होते, आणि शेवटच्या पानावर पुढच्या अंकाची ठसठशीत जाहिरात होती. पुढचा अंक आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. पत्राला उत्तर नाही. वडील कितीतरी महिने पोस्टमनला विचारीत. वर्गणीचे पैसे बुडाले याचे त्यांना फार वाटले नसावे. पण तो मुलगा घरी परत आला की नाही, हे कुणी तरी सांगायला हवे होते, असे ते मध्येच, पान खाताना, म्हणत. ते सात अंक अजून माझ्या कपाटात आहेत.

भाच्याला माझे हे सारे कौतुक पटत नाही. “मामा, ऐन भरात थांबणे हीसुद्धा मिरवायचीच एक तऱ्हा,” असे तो म्हणतो. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. ज्यांनी गिऱ्हाईक नाडू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, त्यांच्याच जुन्या प्रतींना आज संग्राहक मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजतात. थांबले नसते तर असे झाले नसते. मी यावर गप्प बसतो आणि चहा मागवतो.

शिवाय ‘लवकरच’ हा शब्द आता छोट्या मंडळींच्या हातात उरलेला नाही. तबकडी करायची म्हणजे लाखेचा थर दिलेल्या चकतीवर नाद कोरायचा, तिच्यावरून धातूचा साचा उठवायचा, मग थोड्या नमुना तबकड्या काढून ऐकायच्या. अनारशाचा पहिला घाणा चाखून पाहावा तसे. त्या लाखेच्या चकत्या करणारे जगात मोठे कारखाने दोनच, एक जपानात आणि एक कॅलिफोर्नियात. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला जळाला. पाठोपाठ महामारी आली, घरी बसलेल्या लोकांची मागणी वाढली, आणि २०२१ साली अॅडेल या गायिकेच्या एका संग्रहाच्या ५ लाखांहून अधिक तबकड्या काढल्याची बातमी झळकली. छपाईयंत्रे तीच. त्या रांगेत तीनशे-पाचशे प्रती काढणारा कुठे उभा राहणार? काही महिन्यांचे काम वर्षावर गेले, आणि आगाऊ पैसे भरलेल्यांना क्षमापत्रे लिहिता लिहिता बिचाऱ्यांचे हात दुखले असतील. पण लिहिली. म्हणूनच ती यादी मला वाचावीशी वाटते.

हेवनलीची गायिका अमेलिया फ्लेचर पुढे अर्थशास्त्रज्ञ झाली. रास्त व्यापारावर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश सरकारी कचेरीची ती बरीच वर्षे मुख्य अर्थशास्त्रज्ञ होती, आणि यात मला तरी काही नवल वाटत नाही. तिने आणि जुन्या सोबत्याने, रॉब पर्सीने, ‘स्केप वॅक्स’ नावाची स्वतःची चिमुकली कंपनी काढली आहे. २०२२ पासून त्यांनी हेवनलीचे जुने संग्रह पुन्हा छापायला घेतले, एकेक करून. तेव्हा तीस वर्षांपूर्वीचे गाणेही कुणाच्या तरी यादीत ‘आगामी’ म्हणून बसू शकते!

अशाच एका यादीतल्या तबकडीचे पैसे मी गेल्या महिन्यात भाच्याकडे पाठवले आहेत. ती फेब्रुवारीत निघेल असे छापले आहे. मी एप्रिल धरून चाललो आहे. सौभाग्यवती गणपती म्हणतात.