पगारपत्रकातला ऱ

नगरहून मनमाड रोडने निघालं की सीनेच्या पलीकडे नागापूर लागतं आणि मग एमआयडीसी. तिथे आतल्या एका गल्लीत माझ्या मामाची शेड आहे. चार लेथ, दोन ड्रिल मशीन, एक म्हातारं मिलिंग आणि चौदा माणसं. बीसीएस झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत मी तिथे बसायचो. गेल्या वर्षी एका महिन्याच्या १३ तारखेला ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस उडाला आणि मामा म्हणाला, "तू शिकलायंस ना? मग बघ."

त्या कॉम्प्युटरवर हजेरीचा आणि उचलीचा प्रोग्रॅम होता. कुणीतरी १९९८ साली फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला. लिहिणारा माणूस कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ साली काढली आणि २०१५ च्या जानेवारीत तिचा सपोर्टही बंद केला. मामाच्या शेडमध्ये मात्र तो बिनबोभाट चालू होता.

हार्डडिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला लावली. आत डीबीएफ फाइली. हा फॉरमॅट डीबेसच्या काळातला. वेन रॅटलिफ नावाचा इंजिनियर अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये काम करायचा, त्याने ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायला सुरू केलेला प्रोग्रॅम म्हणजे डीबेसचं मूळ. गंमत म्हणजे फाइल अगदी सरळ असते. वर रकान्यांची माहिती, खाली एकामागे एक नोंदी. रकान्याचं नाव दहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. आणि नोंद डिलीट केली तरी ती जात नाही, फक्त तिच्या सुरुवातीला एक फुली पडते. 'पॅक' असा हुकूम दिला तरच ती खरोखर पुसली जाते.

आमच्या फाइलीला कधी कुणी पॅक केलंच नव्हतं. त्यामुळे काम सोडून गेलेली सगळी माणसं फुलीसकट तिथेच होती. मी नावं वाचत गेलो आणि मामा खुर्ची ओढून बसला. हा वांबोरीचा, याचं बोट गेलं होतं. हा पुण्याला गेला, आता त्याची स्वतःची शेड आहे. हा वारला. चहा गार झाला. शेवटी मामा म्हणाला, "हे पुसू नको रे." म्हणून नव्या डेटाबेसात मी डिलीटचं बटणच ठेवलं नाही, 'सोडल्याची तारीख' असा रकाना ठेवला.

आता नवा डेटाबेस कुठला घ्यायचा हा प्रश्न. कॉलेजात मायएसक्यूएल शिकवलं होतं, हात तिकडेच जात होता. पण त्याला सर्व्हर सतत चालू लागतो, त्याची सेटिंगं सांभाळावी लागतात, आणि मी पुण्याला गेलो की मामा कुणाला फोन करणार? अ‍ॅक्सेस घ्यायचं तर लायसन्सचे पैसे. मग एसक्यूलाइट घेतलं. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, पेनड्राइव्हवर टाकला की झाला बॅकअप. तुमच्या हातातल्या फोनमध्येही तो आहेच, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज त्यातच साठतात. रिचर्ड हिपने २००० साली तो लिहिला. अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी तो प्रोग्रॅम करत होता, आणि मधला डेटाबेस सर्व्हर बंद पडला की दोष याच्या प्रोग्रॅमला लागायचा. मधला सर्व्हरच नको, ही कल्पना तिथून आली. (शेडमध्ये तीन-चार कॉम्प्युटर नेटवर्कवरून एकाच वेळी लिहिणार असते तर मी हा घेतला नसता. आमच्याकडे एकच आहे.)

मामाला एवढं सांगून पटलं नाही. त्याचा प्रश्न एकच, "मध्येच लाइट गेली तर?" मी एक हजार नोंदी एका झटक्यात भरणारा प्रोग्रॅम चालवला आणि मामाने मधोमध प्लग उपटला, मनापासून. परत चालू केल्यावर डेटाबेसशेजारी एक जर्नल फाइल पडलेली होती. डेटाबेस उघडला, तिने अर्धवट भरलेलं सगळं मागे घेतलं, आधीचं जसंच्या तसं. मामाने आणखी दोनदा प्लग उपटून बघितला.

फाइल उघडून बघायला डीबी ब्राउझर टाकला, फुकट मिळतो. जुनी नावं शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टच्या भाषेत होती, ती कन्व्हर्टरने युनिकोड केली. १३ तारखेपर्यंतची हजेरी जुन्या डिस्कवरून घेतली आणि पुढची सुपरवायझरने फोनवर टाइप केलेल्या यादीतून. सात तारखेला पगारपत्रक छापलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

संध्याकाळी एक कामगार दारात येऊन उभा राहिला. आडनाव बदलून सांगतो, गोऱ्हे समजा. पन्नाशीचे, राहुरीकडून येतात. म्हणाले, "दादा, माझे दिवस कमी धरलेत का?" पत्रकावर १३ होते. मी काय बोललो ते अजून आठवतं. म्हणालो, "काका, कॉम्प्युटर चुकत नाही."

ते भांडले नाहीत. फोन काढला आणि घरच्या कालनिर्णयाचा फोटो दाखवला. कामाच्या प्रत्येक दिवसाभोवती पेनाने गोल. मी मोजले, २४.

अकरा दिवस कुठे गेले? हजेरीच्या तक्त्यात गोऱ्हे शोधलं तर १३ नोंदी. नुसतं 'गो' शोधलं तर २४. दोन्हीकडे आडनाव डोळ्यांना तंतोतंत सारखं. मग लांबी विचारली. एका गोऱ्हेची ६ आली, दुसऱ्याची ७. आपला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलंत आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि ह. कन्व्हर्टरने एक पद्धत वापरली, फोनच्या कीबोर्डने दुसरी. स्क्रीनवर फरक शून्य, डेटाबेसला मात्र दोन वेगळी माणसं.

कन्व्हर्टरला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण नाव हीच प्रायमरी की मी केली होती, जुन्या प्रोग्रॅममध्ये तसं होतं म्हणून. आणि हजेरीतलं नाव कामगारांच्या यादीत असलंच पाहिजे, अशी फॉरेन कीसुद्धा लिहिली होती. फक्त एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक वेळी जोडणी उघडताना चालू करावी लागते. ती एक ओळ मी लिहिली नव्हती. लिहिली असती तर हे अकरा दिवस आत घ्यायलाच डेटाबेसने नकार दिला असता.

गोऱ्हेकाका उभेच होते. मी ब्राउझरमध्ये नोंदी दुरुस्त केल्या, प्रोग्रॅममध्ये पगार नव्याने जतन करायला गेलो, तर 'डेटाबेस इज लॉक्ड'. ब्राउझरमध्ये केलेला बदल 'राइट चेंजेस' दाबल्याशिवाय फाइलमध्ये पक्का होत नाही, आणि तोवर तो दुसऱ्याला लिहू देत नाही. हे कळायला पाच-सात मिनिटं गेली. घाम फुटला होता. मामा काहीच बोलला नाही, ड्रॉवरमधून पैसे काढून त्याने अकरा दिवसांची मजुरी त्यांच्या हातात ठेवली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, मिळाले ना." त्यांची राहुरीची गाडी तोवर निघून गेली होती. मी त्यांना बाइकवर सोडून आलो. वाटेत दोघंही फार बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला नंबर दिला आणि सगळे तक्ते नंबरवर जोडले. फॉरेन कीची ती ओळ टाकली. नाव आत येतानाच ऱ एकाच पद्धतीचा होईल असं केलं. पगारपत्रक छापण्याआधी हजेरीच्या एकूण नोंदी आणि पत्रकातले एकूण दिवस जुळले नाहीत तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. पत्रक लावायच्या आधी गोऱ्हेकाका त्यांच्या कालनिर्णयाशी ताडून बघतात, हे मीच त्यांना सांगितलंय.

आता मी पुण्यात असतो. मामा रोज संध्याकाळी फाइल पेनड्राइव्हवर घेतो आणि पेनड्राइव्ह लेथच्या इन्सर्टच्या डब्यात ठेवतो. एक काम अजून राहिलंय. युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच मागे बसतो, आपल्या वर्णमालेसारखा हच्या मागे नाही. त्यामुळे यादीत काळे आधी येतात आणि काशीद नंतर. परवा फोनवर मामा म्हणाला, काळ्यांनी विचारलंय, मला वर कशाला चढवलंय म्हणून.