सेरानिसोर

सेरानिसोर हे गाव मी आधी नकाशात शोधलं, मग जुन्या गॅझेटियरच्या सूचीत, आणि शेवटी चुलतभावाला विचारलं. तो रेल्वेत होता. त्याला जे गाव माहीत नाही ते गाव नाहीच, अशी आमच्या घरात समजूत आहे. “पोर्तुगीज वाटतंय,” तो म्हणाला, “गोव्याकडे बघ.”

गोव्यातही नव्हतं.

हे गाव मला भेटलं एका फोटोखाली. फोटो तुम्ही पाहिलेला आहे. दर ८ मार्चला तो फोनवर येतोच, कडेनं गुलाबी फुलं लावून. तीन बायका. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे आपल्या देशाच्या वेषात सीरियाच्या इस्लामबुली. तिघी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. तारीख १० ऑक्टोबर १८८५. मूळ फोटो आता तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, कारण ते कॉलेज बऱ्याच उलथापालथींनंतर त्या विद्यापीठात विलीन झालं. इतकी वर्षं मी हा फोटो बघत आले आणि खालची ओळ कधी वाचली नाही. वाचली तेव्हा ती अशी निघाली: ओकामी, टोकियो, जपान. इस्लामबुली, दमास्कस, सीरिया. जोशी, सेरानिसोर, हिंदुस्थान.

उलगडा झाला तो भाजी निवडताना. रोमन एम घाईत लिहिला की नुसत्या कमानी उरतात. वाचणाऱ्यानं त्यातल्या काही एनला दिल्या आणि उरलेल्या रेघेवर टिंब आहे असं मानून तिचा आय केला. पीचं पोट नीट मिटलं नाही की तो एसकडे झुकतो. म्हणजे सेरानिसोर नव्हे, सेरामपोर. हुगळीच्या काठचं, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला असलेलं सेरामपूर. नवऱ्याची, गोपाळरावांची, टपाल खात्यातली नोकरी फिरत फिरत बंगालात गेली आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्या तिथून. निघण्यापूर्वी, १८८३च्या फेब्रुवारीत, त्यांनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं. आपण का जातो आहोत ते सांगितलं. अठरावंसुद्धा पुरं झालं नव्हतं.

सेरामपूर म्हणजे श्रीरामपूर. बंगालीत तेच म्हणतात, स्टेशनच्या पाटीवरही तेच आहे. हे कळलं तेव्हा मी हातातली मेथी खाली ठेवली, कारण मी श्रीरामपूरची. नगर जिल्ह्यातल्या.

आनंदीबाईंनी आपलं गाव म्हणून सेरामपूर का दिलं असेल? कल्याण नाही, पुणे नाही. माहेर कल्याणचं, नातीगोती तिकडची, आणि नावापुढे लागलं ते नवऱ्याच्या शेवटच्या बदलीचं गाव, जिथं त्या फार थोडा काळ राहिल्या. आपल्याकडे “तुमचं गाव कोणतं?” या प्रश्नाचा अर्थ “तुम्ही कुठं राहता?” असा कधीच नसतो. दादरला तीन पिढ्या काढलेला माणूस राजापूर सांगतो. पण परदेशातल्या कारकुनाला हे कोण समजावणार? त्याला पत्ता हवा असतो, पत्र पोचेल असा. ओकामीही जन्मल्या त्या जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरीत, आणि फोटोखाली लागलं टोकियो.

फोटोबद्दल माझं एक मत आहे, ते सांगून टाकते. या तिघींना कुणी ‘बंडखोर’ म्हटलं की मला पुढचं वाचवत नाही. त्या बंडखोर नव्हत्या असं नव्हे. पण फोटोत दिसतो तो कंटाळा. समारंभाचा कंटाळा. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्या स्वागतसमारंभासाठी आपापल्या देशाचे कपडे घालून बसवलेल्या, पुढं शरीरशास्त्राचे तास असलेल्या मुली. आनंदीबाईंनी त्या थंडीत नऊवारी सोडून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली होती, पोटऱ्या उघड्या राहू नयेत म्हणून, आणि हा एवढाच बदल घरी पत्रानं कळवावा लागला होता. फोटो काढणाऱ्याला साडी हवी होती. कुठल्या पद्धतीची, हे त्याला काय कळणार!

आमच्याही होस्टेलचा एक ग्रुप फोटो आहे. पुण्यात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी काढलेला. तो काढायच्या दिवशी सकाळपासून आवारात बाकं हलवणं चाललं होतं. रेक्टरबाईंच्या खुर्चीवर त्यांच्याच घरची कशिद्याची चादर टाकली होती आणि ती दुमडली की त्या स्वतः उठून नीट करत. पहिल्या रांगेत सतरंजीवर धाकट्या, मग खुर्च्या, मग उभ्या, मग बाकांवर उभ्या. मी बाकावर. शेजारी लातूरची एक मुलगी होती, तिला उंचीची भीती. दीड फुटाची उंची, पण भीती ती भीती. तिनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरून ठेवला होता, आणि फोटोत माझा एक खांदा उतरलेला दिसतो तो त्यामुळे. फोटोग्राफर सायकलवरून आला होता. तिकाटणं मागच्या कॅरियरला बांधलेलं. “हसू नका, पण रागवूही नका,” असं त्यानं सांगितलं आणि पन्नास मुली हसल्या. मेसच्या मावशी कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना रेक्टरबाईंनी हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. त्या सरकल्या, पण पुरत्या नाहीत. फोटोच्या उजव्या कडेला जांभळ्या लुगड्याचा हातभर काठ आहे. फोटो काळा-पांढरा, पण काठ जांभळा होता हे मला माहीत आहे. महिन्याभरानं जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आला. खाली सुवाच्य अक्षरात नावं आणि कंसात गावं. यादी करणाऱ्या कारकुनानं मला विचारलं होतं, “गाव?” मी म्हणाले, श्रीरामपूर. “स्टेशन कुठलं?” मी म्हणाले, बेलापूर. त्यानं बेलापूर लिहिलं.

तर मी त्या फोटोत बेलापूरची आहे. दौंड-मनमाड मार्गावर आमच्या गावाचं जे स्टेशन आहे त्याचं नाव बेलापूर. प्रवरेकाठचं खरं बेलापूर काही मैलांवर आहे, जुनं गाव. श्रीरामपूर रुळांभोवती आणि ऊस-साखरेभोवती नंतर वाढलं, पण पाटी ज्याची लागायची त्याची आधीच लागली होती. आणि पुढं माझ्या संसाराच्या काळात मुंबईजवळ एक बेलापूर असं काही फोफावलं, की आता कुणी तो होस्टेलचा फोटो पाहिलाच तर मला नवी मुंबईची समजेल, जेव्हा तिथं खाडी आणि मिठागरं होती त्या काळातली.

बंगालच्या श्रीरामपूरला मी गेलेले नाही. पण ते मला परकं वाटत नाही, आणि मराठी वाचणाऱ्या कुणालाच वाटू नये. डेन्मार्कच्या राजाची ही वसाहत, फ्रेडरिक्सनगर हे तिचं कागदोपत्री नाव. १८४५मध्ये डेन लोकांनी ती इंग्रजांना विकली. कंपनी सरकारला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सोबती १८००मध्ये डेन झेंड्याखाली जाऊन राहिले आणि तिथं छापखाना घातला. त्या छापखान्यातून १८०५मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण निघालं. तेव्हा पुण्यात पेशवाई होती! शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव, आणि मराठीचे नाम-क्रियापदांचे नियम छापले जातायत बंगालात, डेन मुलुखात, एका इंग्रजाच्या देखरेखीखाली, पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराच्या तालमीतून आलेल्या ठशांनी. मराठी शिकवायला कॅरीजवळ वैजनाथ पंडित होते. १८१०मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, त्यातली मराठी मोडीत. मोडीचे ठसे पाडणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. हात न उचलता लिहायची लिपी ती. तिचं एकेक अक्षर सुटं करायचं म्हणजे वाहत्या पाण्याचे तुकडे पाडायचे. आजोबांचे मोडी कागद आमच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत होते. ते वाचायला माणूस मिळेना, आणि मिळाला तेव्हा त्यानं आमच्या शेताच्या चतुःसीमेत एक अशी विहीर वाचली जी तिथं कधीही नव्हती. म्हणून सेरानिसोर वाचणाऱ्याला मी फार बोल लावत नाही.

त्या छापखान्याला ११ मार्च १८१२ला संध्याकाळी आग लागली. कागद गेला, हस्तलिखितं गेली, कितीतरी भाषांचे टाइप वितळले. राखेखाली धातूचे गोळे सापडले आणि मूळ पंच शाबूत निघाले. त्याच वितळलेल्या धातूतून पुन्हा अक्षरं ओतली. ११ मार्चलाच, पण १८८६मध्ये, आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली. पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. तारखा जुळतात तेव्हा मला उगाच गुदगुल्या होतात. त्याचा अर्थ काही नसतो.

प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. हे लिहिणारी बाई चौदाव्या वर्षी बाळंत झाली होती आणि ते मूल दहा दिवसांत गेलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नाटक आहे, सिनेमा आहे, श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, त्याआधी काशीबाई कानिटकरांचं चरित्र आहे. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक आणि २६ फेब्रुवारी १८८७ला शेवट. फोटोनंतर जेमतेम सोळा महिने. ओकामी १८८९मध्ये डॉक्टर झाल्या, परत गेल्या, टोकियोच्या इस्पितळात लागल्या. सम्राट पाहणीला आला तेव्हा, डॉक्टर बाई आहे म्हणून त्यांना सामोरं येऊ दिलं नाही, आणि त्यांनी नोकरी सोडली असं सांगतात. त्या १९४१पर्यंत जगल्या. इस्लामबुली १८९०मध्ये पदवी घेऊन गेल्या.

आनंदीबाईंची रक्षा अमेरिकेत आहे. रोझेलच्या कार्पेंटरबाई, ज्यांना त्या मावशी म्हणत, त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. म्हणजे गाव विचारलं तर आता आणखी एक.

संग्रहाला पत्र लिहून दुरुस्ती कळवावी असं मनात येतं. दोनदा मजकूरही तयार केला. पण मग वाटतं, सेरानिसोर नाहीसं झालं तर आमच्या चुलतभावाला न सापडलेलं एकमेव गाव नाहीसं होईल.

परवा त्याच्याशीच बोलताना आमच्या आत्याची गोष्ट निघाली. लग्नानंतर ती पहिल्यांदा एकटीनं माहेरी आली, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं. सासऱ्यांनी डब्यात बसवताना सांगितलं होतं, श्रीरामपूर आलं की उतर. ते कोकणातले, त्यांना काय माहीत. तिला वाचता येत होतं, म्हणून ती प्रत्येक पाटी वाचत बसली. नगर आलं, राहुरी आलं, बेलापूर आलं. बेलापूरला तिच्या माहेरची माणसं कंदील घेऊन दुसऱ्या टोकाला उभी होती. गाडी सुटली. कोपरगाव गेलं. मनमाडला डबा रिकामा झाला तशी ती उतरली आणि ट्रंकेवर बसून राहिली. तिकीट तपासनीस आला. कुठं जायचंय? श्रीरामपूर, ती म्हणाली. त्यानं तिकीट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“असं स्टेशनच नाही, बाई.”

“आहे,” आत्या म्हणाली, “मी तिथलीच आहे.”