पारोळ्याच्या अंगणातील हिरवळ

सुरत-नागपूर महामार्गाने धुळे सोडून पूर्वेस निघाले, की एरंडोलच्या आधी पारोळा लागते. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ मध्ये येथे भुईकोट किल्ला बांधला आणि पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीचे गाव केले, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. १८५७ च्या उठावानंतर जहागीर जप्त झाली आणि किल्ल्याची रया गेली. परंतु कापूस, लुगडी, धान्य आणि गुरे यांचा व्यापार काही खंदकाच्या भरवशावर चाललेला नव्हता. तो पुढेही चालू राहिला.

खानदेशच्या वैशाखात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. जुन्या घरांनी या उन्हाशी आपल्या परीने समझोता केला होता: जाड भिंती, मातीचे धाबे, दुपारी ओढून घेतलेली दारे, शेणाने सारवलेले अंगण आणि शक्य तेथे एखादा कडुनिंब. उन्हाळ्यात अंगण हिरवे असावे, अशी अपेक्षाच कोणी केली नव्हती. ती आता होऊ लागली आहे. महामार्गालगतच्या नव्या वसाहतींतील बंगल्यांना मागे मोकळी जागा असते; शहरात शिकून आलेल्या मुलांनी बॉक्स क्रिकेटचे हिरवे मैदान पाहिलेले असते, क्वचित एखाद्याने गोल्फची काठीही हाती धरलेली असते. मग वीस चौरस मीटरचा कृत्रिम गवताचा तुकडा, मधोमध १०८ मिलिमीटर व्यासाचे भोक, म्हणजे घरचे ‘पटिंग ग्रीन’ करावे असा विचार निघतो.

ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. भारतातील कोरड्या प्रदेशांतील जुन्या गोल्फ मैदानांवर भोकाभोवती गवत नसेच. तेल मिसळलेली वाळू दाबून सपाट करीत आणि त्या जागेस ‘ब्राउन’ म्हणत. प्लास्टिकचे गवत पुढे अमेरिकेतून आले. ह्यूस्टनच्या आच्छादित ॲस्ट्रोडोममध्ये खरे गवत प्रकाशाअभावी मेले, तेव्हा १९६६ मध्ये तेथे कृत्रिम गवत अंथरले गेले. दहा वर्षांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी याच गवतावर खेळली गेली आणि भारतीय संघ सातव्या क्रमांकावर घसरला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

पाण्याचा हिशेब या गवताच्या बाजूने आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात खऱ्या हिरवळीस रोज सहा मिलिमीटर धरले, तरी वीस चौरस मीटरला दिवसाला १२० लिटर लागतील. बोरी नदीच्या या तालुक्यात पिण्याचे पाणी साठवून वापरणाऱ्या घराला ते परवडणारे नाही. श्रावकाच्या दृष्टीने आणखीही एक बाजू आहे. हरितकायावर पाय पडू नये म्हणून चार हात पुढची भूमी पाहून चालणे ही आपल्याकडील साधु-साध्वींची रीत; ओल्या हिरवळीवर त्या उतरणार नाहीत. प्लास्टिकच्या पात्यात वनस्पतिकाय नाही आणि त्यासाठी रोज अपकायाची विराधनाही नाही. एवढ्यावर प्रश्न सुटला, असे कोणासही वाटेल.

पण ऊन मध्ये येते. अमेरिकेतील युटा प्रांतात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये आपल्या कृत्रिम मैदानाचे तापमान मोजले. हवा साधारण ३७ अंश असताना पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेल्याची नोंद झाली. पाणी मारून ७९ अंशांवरचे गवत २९ अंशांपर्यंत थंड केले, तर पाच मिनिटांत ते ४९ वर आणि वीस मिनिटांत ७३ वर आले. खऱ्या गवताच्या पात्यातून पाणी बाष्परूपाने निघते व त्याला गारवा राहतो. प्लास्टिकला ती सोय नाही. विहारात अनवाणी येणाऱ्यांचे पाय आणि रांगत्या मुलाचे तळवे यांना हे गवत दुपारी मुळीच चालणार नाही. शिवाय पात्यांमध्ये भरलेल्या वाळूत मुंग्या व बारीक जीव दडून राहतात. डांबरी अंगणात ते डोळ्यांना दिसतात, येथे दिसत नाहीत. म्हणून पाय ठेवण्यापूर्वी मऊ झाडणी फिरवणे अटळ. रबराचा भुगा भरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नाकारावा: तो अधिक तापतो. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने अशा सूक्ष्म प्लास्टिकच्या भरावाची विक्री २०३१ पासून बंद करण्याचे ठरवले आहे.

तरीही करायचेच असेल, तर खर्च वरच्या गवतापेक्षा खालच्या जमिनीवर करावा. येथील काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गवत अंथरले, तर पहिल्या वर्षीच चेंडू आपल्या मनाने वळू लागेल. माती फूटभर किंवा अधिक खोल काढून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकावा, वर खडी आणि शेवटी कच पसरून रोलर फिरवावा. उतार शंभरास एक-दोन एवढाच, आणि तो घरापासून दूर. पटिंगसाठी दहा ते पंधरा मिलिमीटर उंचीचे दाट गवत लागते. शोभेचे तीस-चाळीस मिलिमीटरचे त्या कामाचे नाही. गुंडाळी उलगडून काही तास उन्हात पडू द्यावी, मगच कापावी, कारण तापल्यावर ती पसरते. पश्चिमेकडील काचेच्या खिडकीचे किंवा पत्र्याचे परावर्तन जेथे पडते, तेथे पाती वितळू शकतात. ती जागा सोडावी, नाहीतर निंबाची सावली मिळेल असा कोपरा धरावा.

मुहूर्तापेक्षा ऋतू महत्त्वाचा. पाया उन्हाळ्यात भरून ठेवावा आणि एक पावसाळा तसाच जाऊ द्यावा. कचीखाली पाणी मुरते की साचते, मुरूम कोठे खचतो, हे पाहून कार्तिकात गवत चिकटवावे.